मागची बाजू

आडोसा हवा होता, एवढंच.
हॉलमध्येच मामंजींची खाट, समोर दार,
दारात कुरिअरवाला, इस्त्रीवाला, सोसायटीचा सेक्रेटरी,
आणि द्रौपदाबाई रोज साडेनवाला
कोमट पाण्याची बादली घेऊन त्यांचं अंग पुसायची.
तेवढा वेळ ते डोळे मिटून घ्यायचे,
आपण मिटले की जगालाही दिसत नाही
असं लहान मूल समजतं तसे.

जुन्या बाजारात, रविवारी,
गॅसच्या बर्नरांच्या ढिगामागे
भिंतीला टेकून होता तो घडीचा पडदा.
सहा पानी, कागदी, लाकडी चौकटीचा.
सोनेरी रंग चहाच्या डागावर गेलेला,
त्यावर दोन करकोचे आणि तिसऱ्याचे नुसते पाय.
"खडकीच्या बंगल्यातनं आलाय, जपानी माल,"
यासीनभाई म्हणाला, "नऊ हजार."
साडेतीनला सुटला.
बिबवेवाडीपर्यंत टेम्पोचे सहाशे वेगळे.

करकोचे अर्थातच दाराच्या बाजूला.
येणारा-जाणारा विचारायचा, वा, कुठून आणलात?
मामंजींच्या वाट्याला मागची बाजू:
काळपट कागद, आणि उशीपासून हातभर अंतरावर
उंदरानं कुरतडलेलं भगदाड.
भगदाडात कागदाखाली अजून कागद.
कुणाची तरी रद्दी, थरावर थर चिकटवलेली,
आणि रद्दीवर शाई.

दामोदर गणेश मेढेकर,
छत्तीस वर्षं डिफेन्स अकाउंट्समध्ये,
चार आण्यांच्या फरकापायी रात्री नऊपर्यंत बसलेले,
झटका आल्यापासून ज्यांनी माझ्याशी
"हो", "नको" आणि "पंखा" एवढेच शब्द वापरले,
ते एका मंगळवारी म्हणाले,
"हा हिशेब आहे."

एक आडवी रेघ म्हणजे एक.
दोन रेघा, दोन. तीन, तीन.
"इथवर माणूस सगळीकडे सारखा.
चारपासून ज्याची त्याची भानगड."
अधिकासारखी खूण दहाची असणार,
कारण ती आली की रक्कम अंग धरते.
ईशान मोबाइल काढून उत्तर सांगायला गेला
तर चालता हात उगारला त्याच्यावर.
"ऑडिटरला उत्तर सांगत नसतात."

दसरा गेला, दिवाळी गेली.
अंग पुसताना आता डोळे उघडे, ओठ हलते.
द्रौपदाबाईला वाटायचं जप चाललाय.
"तांदूळ असेल," मध्येच म्हणायचे, "किंवा सुकी मासळी.
एकाच गिऱ्हाइकाची उधारी दिसतेय.
फेडत नाहीये लेकाचा."
पुढेपुढे त्या लेकाची त्यांना काळजी वाटू लागली.
घरी आजारपण असेल, म्हणाले. एकदा रात्री, उगाचच.

माघात गेले.
खाट भाड्याच्या दुकानात परत दिली.
चार चाकांचे चार ठसे फरशीवर राहिले,
फिनेलनंही निघाले नाहीत.

कोरेगाव पार्कातून एक गृहस्थ पाहायला आले,
खिशात भिंग, बोलणं हळू.
चांगली किंमत येईल म्हणाले,
फक्त मागचा कागद पूर्ण काढून नवा लावावा लागेल.
मग भिंग एका जागी थांबलं.
"हे पेन्सिलीनं कुणी?"

मी गुडघ्यांवर बसले,
पहिल्यांदाच त्या बाजूला, त्यांच्या उशीच्या उंचीवर.
सतरा ओळी.
सतरा ओळींपुढे डाव्या हाताच्या वाकड्या
बरोबरच्या खुणा.
आणि खाली, कागद फाटून संपतो तिथं:
तपासले. बेरजेत सात कमी.
पुढील पान मिळाल्यास पाहावे. दा. ग. मे.

गृहस्थांना चहा दिला
आणि द्यायचा नाही म्हणून सांगितलं.
ते जिना उतरल्याचा आवाज थांबला
तेव्हा भगदाडाची कड
नखानं, अगदी थोडीशी,
उचलून पाहिली.