खर्चासह

अलमोड्याहून एकोणीस दिवस चालत उतरली खिमुली,
मेणकापडात
दिराने बळकावलेल्या पाणचक्कीचा निवाडा.

अलाहाबादेत न्यायमूर्तींनी चष्मा पुसला,
नकाशा मागवला.
बोट काठगोदामपर्यंत चढलं
आणि थांबलं.
याच्या वर आमचा अंमल नाही.
चक्कीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मुन्शी बिशंभर सहाय म्हणाले, तू हरली नाहीस बाई,
दार चुकलीस फक्त.
बरोबर दार कुठलं
ते निकालात नव्हतं.
होतं ते एवढंच: खर्च, सात रुपये चार आणे.
तिनं चांदीची हंसुली मोडली.

मग घाटावर ओंजळ भरून बघत राहिली.
आमच्या चक्कीखालून सुटलेलं हे,
इथवर आलं कुणाच्या हुकमानं?

प्याली. गढूळ होतं.