पान सुकं, माती ओली

हमीदभाई परकारांचा फोन शुक्रवारी येतो,
तिकडे कुवेतला सुट्टी असते म्हणून.
मोबाइल उलटा धरून मी गवताच्या कडेकडेनं चालतो.
'खाली धर, भागोजी. अजून खाली.'
मी उकिडवा बसतो.
इतक्या जवळून
मी माझ्या पोरांचेही फोटो काढलेले नाहीत.

हर्णैच्या वर, कातळावर, तीन गुंठे.
माती आंजर्ल्याकडून विकत आणलेली, चाळीस ट्रॉली,
तिच्यावर गालिच्यासारखं गवत.
वाडी हसली.
गवत कापतात, गवत जाळतात, गवत बैलाला घालतात,
गवताला काय घालायचं?

आता मला ते पाठ आहे.
श्रावण सरताना आभाळ दोन दिवस उघडलं
की युरिया,
बायको आमटीत मीठ टाकते तसा, हाताच्या अंदाजानं.
पान सुकं हवं, माती ओली.
उलटं झालं की पान भाजतं.
पहिल्या वर्षी भाजलंच.
जिथे मूठ सैल सुटली तिथे पिवळे डाग.
त्या शुक्रवारी मी कॅमेरा तिकडे वळवलाच नाही.
पुढच्या शुक्रवारी ते म्हणाले,
'आंब्याखालचं दाखव बघू.'

आषाढात काहीच टाकायचं नाही.
टाकलेलं पऱ्यातून थेट खाडीत जातं,
आणि खाडीतली कोळंबी काही परकारांची नाही.

एका वर्षी बंदरावरून सुकटीचा कुटा आणला, दोन गोणी.
माडाला चालतो, गवताला का नाही?
रात्रीत गावची कुत्री उकरून गेली.
सकाळी बघतो तर नांगरटच.
हमीदभाई खूप हसले. मग म्हणाले,
'वास कसा येतोय? बंदरासारखा?'
'बंदरासारखाच.'
फोन बराच वेळ तसाच चालू राहिला.

भाद्रपदात हरळ वर येते.
गालिच्यात ती तण, मुळासकट उपटायची.
उपटतो, आणि तीन पानांची तेवढी निवडून
एकवीस जुड्या घरी गणपतीला नेतो.
'आमच्या खतावर पोसलीय,' हमीदभाई म्हणाले, 'सांग त्याला.'
सांगितलं.

दिवाळीनंतर शिंपल्यांचा चुना, कारण इथली माती आंबट.
थंडीत पोटॅश, खाऱ्या वाऱ्याशी झुंजायला.
हिराकस टाक, म्हणाले, त्यात लोखंड असतं.
मी म्हटलं, जांभ्यात दुसरं आहे काय?
तरी टाकलं. पायऱ्यांवर डाग पडले असतील,
पण पायऱ्याच तांबड्या.

शिमगा झाला की खत बंद.
पाणी टँकरचं, तेही मोजून.
उन्हात खायला घातलं तर गवत वाढायला बघतं,
आणि वाढणाऱ्याला जास्त तहान लागते.

माझं खाचर कातळाखाली आहे.
तीन वर्षं राब भाजलेला नाही.
सकाळपासून मी इथेच असतो, रोजाचे पाचशे.

मे महिन्यात ते आले, दहा दिवसांसाठी.
गवत तेव्हा करडं.
बूट काढले, मोजे काढले, मधोमध जाऊन उभे राहिले.
'टोचतं रे,' म्हणाले,
आणि तरी उभेच राहिले, लुंगी गुडघ्यापर्यंत धरून,
पाण्यात उभं राहावं तसे.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, 'तुझं शेत बघू चल.'
मी टाळलं. ते माझ्याआधी पायवाट उतरले,
लहानपणी इथेच गुरं हाकायला यायचे म्हणे.
खाचरात कमरेएवढं वाळकं गवत,
बांध कुठे ते पायालाच कळत होतं.
'याला काय घालतोस?'
'काही नाही.'
त्यांनी एक काडी तोडली, दातात धरली.
'आणि हे,' म्हणाले, 'कुणाला दाखवतोस?'

वारा खालून वर येत होता.
मी कोयती आणली नव्हती.