बाकी

ख्वारामझे, या टेबलाचा डावा खण अडकतो.
जरा वर उचलून ओढ.
आत माझं आखणीचं पेन असेल,
टोकाला सुकलेली लाल शाई.
लाल नेहमी आधी संपायची आमच्या कचेरीत,
काळी वर्षानुवर्षं पुरायची.
चहा, पोलाद, शाळेतली बाकं,
सगळ्यांनाच वर जायची घाई.
उभी रेघ शून्यापासून का काढत नाही,
असं विचारणारा तिबिलिसीत कोणी असेलच
तर तो घरी, दार लावून विचारत असेल.

माणूस काढायला सोपा होता.
एक गोल, एक ठोकळा, दोन पट्ट्या.
खाली बारीक अक्षरात लिहायचं:
एक माणूस म्हणजे हजार माणसं.
हे वाक्य मी एकतीस वर्षं लिहिलं.
पहिल्या वर्षी हात अडायचा.
पुढे अडेनासा झाला.
निवृत्तीच्या दिवशी केक कापताना
मला तेवढंच आठवलं.

पाचशेच्या वर बाकी राहिली
तर अर्धा माणूस काढायची मुभा होती,
कमरेशी पट्टी धरून.
पाचशेच्या आत असेल
तर ती खिजगणतीत नाही.
राचाच्या डोंगरातली गावं अशीच जायची,
सगळी मिळून एका माणसाच्या गुडघ्यापर्यंतही न पोचणारी.

म्हणून मी चौकटीला वेल काढायला लागलो.
जुन्या चर्चच्या दारावर कोरतात तशी, द्राक्षांची.
साहेब म्हणाले, असू दे, आपल्या मातीतलं वाटतं.
दहा जणांना एक मणी.
चारशे बारा उरले की एक्केचाळीस मण्यांचा घड,
आणि वरच्या दोघांसाठी दोन तणावे,
हवेत काहीतरी चाचपणारे.
कोणी मोजले नाहीत.
सुंदर गोष्टी मोजायची आमच्यात पद्धत नव्हती.

मागच्या हिवाळ्यात तू ते तक्ते स्कॅन केलेस.
म्हणालीस, बाद्री काका, ही वेलबुट्टी म्हणजे डोळ्यांना गोंगाट.
आणि एका टिचकीत पुसलीस.
एक घड तेवढा आवडला तुला,
तो सारखा करून, आठ वेळा उमटवून
अहवालाच्या मुखपृष्ठावर लावलास.
आठही घडांत मणी सारखेच.
हा देश इतका सारखा कधीच नव्हता, पोरी.
पण मी चहात साखर ढवळत राहिलो.
साखर मी घेत नाही.

तुला दोष देत नाही. तुझं शून्य जागेवर आहे,
त्यासाठी तू वरच्यांशी भांडलीस, ते ऐकलंय मी.
परदेशी जाणाऱ्यांचा तक्ता करताना
तू आधी माणसाला घागरा दिलास,
संडासाच्या दारावरचा त्रिकोण.
मग खोडलास. तीन दिवस खोडत होतीस.
शेवटी हातात एक पिशवी दिलीस,
चौकड्यांची, चेन तुटलेली, सुतळीनं बांधलेली.
इतक्या लहान आकारात सुतळी कोण काढतं?
तेव्हा मला आठवलं, तुझी आई
अकरा वर्षं सालोनिकात
कुणा दुसऱ्याच्या आईला आंघोळ घालते आहे.

काल ओर्ताचालाच्या बस स्टँडवर गेलो.
तिकीट खिडकीशेजारी लावलाय तुझा तक्ता,
एका कोपऱ्याला टाचणी नाही.
कोणी वाचत नव्हतं.
एक बाई मात्र त्याला टेकून उभी होती, बसची वाट बघत,
पायाशी तीच पिशवी.
तिच्या पाठीमागे एक माणूस पुरता झाकला गेला होता.

तिचा मुलगा बोट फिरवत
माणसं मोजत होता, मोठ्यानं.
सोळापर्यंत आला, आईच्या कोटाशी अडला.
मी श्वास धरला. काय करेल?
वगळून पुढे जाईल, की तिला बाजूला हो म्हणेल?

त्यानं कोटावर बोट टेकवलं,
सतरा म्हणाला,
आणि अठराव्याकडे वळला.