क्वचित आढळतो

ग्रोनिंगेन, नोव्हेंबर. खिडकीबाहेर कालव्यातून
बुडालेल्या सायकली उपसणारी बोट,
आत फॉर्मॅलिनचा वास.
सहा नंबरच्या टेबलावर म्हातारी. नाव नाही, आकडा आहे.
नखांच्या कडेला निळा रंग राहिलाय,
होडीचा असेल, किंवा दाराचा.

वीत्स्के त्वचा सोलते, पिवळी चरबी बाजूला सारते
आणि थांबते.
छातीच्या हाडालगत उभा एक पट्टा,
बोटभर रुंद, जिथे काहीच नसायला हवं तिथे.
'डूके सर, हा कोण?'

सर चष्मा कपाळावर चढवतात.
'पुस्तकात बघ, तळाशी, बारीक टायपात.
क्वचित आढळतो. काम ठाऊक नाही.'
मग सगळा वर्ग मनगटं वळवून बसतो,
अंगठा करंगळीला टेकवून.
याप्पेची दोरी ताठ उभी राहते,
वीत्स्केच्या मनगटात ती नाहीच.
एकवीस वर्षं तिला कळलं नव्हतं.

सोललेली त्वचा उलटून पाहताना
नखाएवढा एक जुना व्रण.
म्हणजे फिल्मवर कुणाला तरी गाठ दिसली होती.
म्हणजे ही बाई कुठल्याशा कॉरिडॉरमध्ये
ओला कोट मांडीवर घेऊन बसली होती,
एकटी, किंवा कुणी सोबत.
आणि निघाला तो हा,
बिनकामाचा, जन्मापासून घरातलाच.

वीत्स्के त्याला कापत नाही.
पांढऱ्या धाग्याची सैल गाठ बांधते,
वहीत चित्र काढते, बाण, लॅटिन नाव,
आणि खाली, परीक्षेत न येणारं :
निळा रंग कशाचा?