अक्षरामागे दोन पेनी

थोरल्या घरातून मजकूर आला आज.
एकशे बारा अक्षरं. स्वल्पविराम मी फुकट देतो.
"एव्हरार्ड हॅसलबी, सॉल्टमेअरचे सातवे अर्ल,
जनतेचे कैवारी, सुधारणेचे शिल्पकार."

शिल्पकार म्हणे.
शिल्पकार मी आहे,
आणि माझे गुडघे मागच्या हिवाळ्यापासून वाकत नाहीत.

अर्धं गाव समुद्रात, उरलेलं समुद्राच्या वाटेवर.
बाजार बुडाला, वेस बुडाली,
पार्लमेंटमधली जागा तेवढी कोरडी राहिली.
अकरा मतदार. माझा बाप नववा.
चर्चच्या अंगणात उभं राहून मोठ्याने नाव घ्यायचं,
कारभाऱ्याला ऐकू जाईल असं.
माणशी अर्धा गिनी आणि एक बदक.

एकविसाव्या वर्षी हे आले,
आयत्या बिळावर, नव्या बुटांत.
चिखलातून थेट माझ्याकडे. मी सात वर्षांचा.
"तो पक्षी कोणता रे?"
टिटवी, म्हटलं.
त्यांनी वहीत लिहून घेतलं.
भाषण करायचं राहूनच गेलं, अकरा मतं पडली,
आणि गाडी लंडनला निघून गेली.

एकोणीस वर्षं बसले तिथे.
बोलले एकदाच,
वाम माशांच्या सापळ्यांवरच्या करावर, चार वाक्यं.
त्यातलं एक, म्हणतात, बरं होतं.

मग ती रात्र.
आमच्यासारखी बुडीत गावं यादीतून खोडायचं बिल.
तिथली रीत अशी की विरोधकांनी उठून बाहेर जायचं,
बाजूच्यांनी बसून राहायचं, आणि मग डोकी मोजायची.
सगळं गणगोत उठलं. सासरे उठले,
ज्यांच्याकडून कर्ज घेतलं होतं ते उठले.
हे बसून राहिले.
टोपी डोळ्यांवर, पाय समोरच्या बाकाखाली.
मोजणाऱ्याने टोपीला काठी लावली आणि पुढे गेला.

पेपरांनी लिहिलं: धैर्य.
क्लबात म्हणाले: पोर्ट, दुसरी बाटली.
त्यांचा खासगी नोकर ओबडाया क्रेक
आमच्या गुत्त्यात शपथेवर सांगायचा
की दाढ दुखत होती, तीन रात्री डोळा लागला नव्हता.
लेडी ऑगस्टा काहीच म्हणाल्या नाहीत;
दोन वर्षं जेवण वेगळ्या खोलीत घेतलं.

त्या वर्षीपासून बापाला बदक नाही.
"सुधारणा," तो म्हणायचा, आणि थुंकायचा,
समुद्राकडे तोंड करून. वारा उलटा असला तरी.

पुढे थोरले अर्ल वारले, हे वरच्या सभागृहात गेले.
तिथे झोपायला मनाई नाही.

मरायच्या आदल्या शरदात आले माझ्या अंगणात,
स्वतःचा दगड निवडायला.
काळ्या पाटीवरून हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा.
एवढी वर्षं पोटात ठेवलेलं मी विचारून टाकलं.
"त्या रात्री, साहेब, जागे होता का?"

बराच वेळ दगडाकडेच बघत होते.
"पेल, तुझ्या बापाने पहिल्या खेपेला
दुसरं बदक मागितलं होतं. घरात आजारी कोणी होतं.
कारभाऱ्याने मला विचारलं, आणि मी हसलो."
मग म्हणाले, "अक्षराला काय घेतोस?"
दोन पेनी.
"मग थोडक्यात उरक."

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात.
इथे घाव मी घालतो, सोसतो दगड,
देवपण तिसऱ्यालाच.
"जनतेचे" झालं. "कैवारी" चाललंय.
आजारी माझी आई होती.

खाली, जिथे गवत वाढेल त्या कडेला,
मोकळ्या वेळात एक टिटवी कोरली. तुऱ्यासकट.
तिचे पैसे लावले नाहीत.

काल नवा कारभारी बघून गेला.
वाकला, चष्मा पुसला, बोट ठेवलं.
"बाकी ठीक आहे," म्हणाला,
"पण हे बदक कशाला?"