दुसऱ्या कडव्यानंतर

प्रोकोप्येव्स्कला बर्फ पडतो तो
वरून येतानाच मळलेला असतो.
सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात
एकोणीस नंबर शाळेच्या बॉयलरखोलीत
चार पोरं शिरली, गिटार पोत्यात लपवून,
कारण तिथे ऊब होती
आणि भट्टीवरच्या माणसाला ऐकू कमी येई.

तो माणूस म्हणजे माझे वडील.
वीस वर्षं खाणीत, मग फावडं घेऊन इथे.

बँडचं नाव ‘ब्राक’.
आमच्या भाषेत ब्राक म्हणजे लग्न
आणि कारखान्यातून बाद झालेला माल, तोही ब्राकच.
आई म्हणायची, मग दोन अर्थ कुठे झाले?

ड्रम पायोनियरांच्या खोलीतून पळवलेला.
कातडं फाटलं तिथे
वडिलांच्याच छातीचा एक्स-रे चिकटवला होता.
वेन्या त्या बरगड्यांवर काठ्या हाणायचा.
रोदिओन गायचा नाही, नुसता भांडायचा,
आणि त्याचे निम्मे शब्द भट्टी गिळायची.

दुसऱ्या कडव्यानंतर सगळे थांबतात.
त्या शांततेत वडील खोकतात.
तीनदा.
मग लोखंडी दार आपटतं.

दुसरी कोरी कॅसेट नव्हती.
राहू दे, म्हणाली आग्निया.

कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक,
बार्नाऊल, चिता, कुणा खलाशाच्या ट्रंकेतून मुर्मान्स्क.
दर कॉपीला खरखर वाढत गेली,
शब्द झिजले, नावं झिजली.
रोदिओनला नेलं, आठ महिन्यांनी परत आणलं;
आता तो बाजारात गळ विकतो, हळू आवाजात.
वडील एक्याण्णवच्या मार्चमध्ये गेले.
जमीन इतकी गोठलेली
की कबर खणायला आधी टायर जाळावे लागले.

गेल्या महिन्यात नोवोसिबिर्स्कला,
स्टेशनाजवळच्या भुयारी वाटेत
एक पोरगा तेच गाणं ओरडत होता.
शब्द सगळे चुकीचे.
दुसरं कडवं संपलं, तो थांबला,
आणि भोवतालची पंधरा-वीस पोरं
एकदम खोकली.
तीनदा.
कुणीतरी बुटाने पत्र्याला लाथ घातली.

हातातली पिशवी खाली ठेवून
मी म्हटलं, तिसरा लांब असतो.
आतून ओढून काढल्यासारखा.

पोरग्याने मला खालून वर पाहिलं:
मावशी, तुमच्याकडे कितवी कॉपी आहे?

कॉपी नाही, म्हटलं.
मी शेजारच्या खोलीत निजायचे.

त्याचा विश्वास बसला नाही.
पण पुढच्या खेपेला
तिसरा त्याने लांबवला.