वाटणीत न आलेली

कारखान्याची वाटणी झाली तेव्हा
लेथ त्याला, ड्रिल मला,
वजनकाटा त्याला, ग्राइंडर मला,
भिंतीवरचं घड्याळसुद्धा नाणं उडवून.
राहिली ही एकटी:
उद्यमनगरात रात्री जागून, फायबर चढवून
दोघांनी घडवलेली कॅटामरान.
हिला अंगं दोन. वकील म्हणाला, घ्या की एकेक.
तेवढ्यापुरते आम्ही हसलो होतो,
वेगवेगळ्या भिंतींकडे बघून.

तेव्हापासून दर रविवारी कळंब्याला
बाळगोंडा सुकाणूवर, मी पुढच्या शिडाशी,
मध्ये ताणलेली जाळी
आणि सव्वा वर्षाचा अबोला.
वळायचं झालं की तो एकदा खाकरतो.
मी वाकतो. आडवी काठी डोक्यावरून जाते.
एवढ्यावर भागतं.

त्या दिवशी कात्यायनीच्या डोंगराकडनं
वारा आला तो एकाच झटक्यात,
गुऱ्हाळाचा वास घेऊन.
एक अंग उचललं, आणखी उचललं,
त्यानं खाकरायच्या आत
आभाळ आडवं झालं.

वर आलो तो शिडाच्या खाली.
ओलं, पांढरं, तोंडाला चिकटणारं.
एका हातानं ते वर लोटत
शिवणीच्या कडेकडेनं बाहेर निघालो,
तर पलीकडून हाक:
"दिलावर! दिलावर, हायेस काय?"

आधी माणसं मोजायची, मग होडी.
नियम आम्हीच फळ्यावर लिहिला होता,
फळा त्याच्या वाटणीत गेला.
"हाय," मी म्हणालो.
दोन. हिशेब जुळला.

काठ दिसत होता, काठावरची म्हसरं दिसत होती.
पोहून जाऊ, असं वाटतंच.
पण पडलेली होडी सोडायची नाही.
ती तरंगते, आपण दमतो.

"शीट?"
"सोडली."
"पुढची?"
ती क्लीटमध्ये रुतलेली, भिजून फुगलेली.
दातांनी ओढली. "सोडली."
आवळल्या शिडानिशी उठवलं तर
ती उठल्या पावली पळते,
नाहीतर पलीकडे लवंडते, पुन्हा पहिल्यापासून.

डोलकाठीचं टोक बुडत चाललेलं.
पुरती कासव झाली तर
तळाचा गाळ काठी धरतो, सोडत नाही.
मी नाळेकडे सरकलो, वजन टाकलं
आणि ती सावकाश वळली,
पाण्यातली म्हैस वळते तशी,
वाऱ्याकडे तोंड करून.

मग खालच्या अंगावर दोघं उभे.
वरच्या अंगावरून आलेली दोरी एकच.
आधी मी एकट्यानं झुकून बघितलं.
बासष्ट किलो. ती हललीही नाही.
तो मागं येऊन उभा राहिला, पाठीला त्याचं पोट
(जरा वाढलंय)
आणि दोघं मागं रेललो, पाण्याला पाठ लागेस्तोवर.
हिसके द्यायचे नसतात. नुसतं टांगून घ्यायचं.
वाट बघायची.

किती वेळ, ते सांगता येणार नाही.
मानेवर त्याचा श्वास. तंबाखू सुटलेली दिसत होती.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग टोक पाण्यातून सुटलं,
शिडावरचं पाणी ओघळलं, खालून वारा शिरला,
आणि पुढचं सगळं वाऱ्यानंच केलं.
"डोस्कं!" तो ओरडला.
अख्खं अंग आमच्यावरून आलं, मागं धाडकन आपटलं,
आणि आम्ही पुढचा आडवा पाइप मिठीत धरला,
नाहीतर ती आम्हाला तिथंच ठेवून निघते.
पाइपवरचं वेल्डिंग त्याचं.
चांगलं आहे अजून.

जाळीवर पालथे पडलो. खोकलो. कान झाडले.
त्याची एक चप्पल केंदाळाकडे चालली होती,
ती जाऊ दिली.
"क्लीट बदलाय पायजे," तो म्हणाला.
"माझ्याकडं हाय," मी म्हणालो.
ते कपाट माझ्या वाटणीत आलं होतं.

परतताना, वळायच्या वेळी,
तो खाकरला.